उत्तरेकडून एकेचाळिसावा खांब

बैलाने पाठ घासली आणि खांब मोडला.
एवढंच.
शंभर वर्षांचा वारा, गारा, गवताला दोनदा लागलेली आग
आणि पायसकाकाचा दारू प्यालेला ट्रक पचवलेला खांब
एका माजोऱ्याच्या खाजेपायी आडवा.

इथे झाड नव्हतं. खांबापुरतंसुद्धा नव्हतं.
व्होल्गाकाठून आलेल्या आमच्या माणसांनी
कॅन्सासची जमीनच उपटून कुंपणाला उभी केली.
हिवाळ्यात चुनखडीला एका ओळीत भोकं पाडायची,
संध्याकाळी त्यांत पाणी ओतायचं
आणि घरी जाऊन झोपायचं.
पहाटे दगड सुटलेला असायचा, सुरीने पाव कापावा तसा.
"अर्धी मेहनत थंडीची," आजोबा म्हणायचे,
"पण ती मजुरी मागत नाही."

खाणीतून निघतो तेव्हा हा दगड मऊ असतो, करवत चालते.
वारा लागला की हट्टाला पेटतो.
त्याच्या पोटातून गंजाची एक रेघ जाते:
चर्चच्या भिंतीतून, आमच्या पायऱ्यांतून,
आईच्या थडग्यावर तिच्या नावाच्या बरोबर खालून.

एफ्राईन पहार घेऊन आला.
मोडलेल्या तोंडावरून त्याने हात फिरवला आणि तिथेच बसला.
"सेन्योरा, शिंपला."

मला काय त्याचं नवल.
प्रत्येक खांबात कोणी ना कोणी असतंच.
लहानपणी आम्ही त्यांना बश्या म्हणायचो,
त्यांत चिखलाचा स्वयंपाक वाढायचो.
शेजारच्या क्लेमेन्सच्या घळीत तर
आख्खा समुद्रसरडा निघाला, ट्रकहून लांब.
विद्यापीठाची माणसं आली, पाय मोडलेल्या रुग्णासारखं
त्याला प्लास्टर घातलं, घेऊन गेली.
क्लेमेन्सला एक फोटो मिळाला.
फाटक उघडं राहिलं म्हणून तीन गाई गेल्या, त्या वेगळ्या.

एफ्राईन मासातलानचा. त्याची आई धक्क्यावर शिंपले विकते.
"उकळल्यावर जो तोंड उघडत नाही ना," तो म्हणाला,
"तो ती फेकून देते. आत काहीतरी बिघडलेलं असतं."
आणि फटीत अंगठ्याचं नख घालून त्याने खरंच जोर लावला.

"नऊ कोटी वर्षं उघडला नाही तो," मी म्हटलं.

"मग नका खाऊ."

सत्तर वर्षांची झाले. समुद्र पाहिला नाही.
एकदा डेन्व्हर, एकदा ऑपरेशनसाठी विचिटा, संपलं.
विचारलं त्याला: वाऱ्यात गहू हलतो, तसाच ना?
सगळे तसंच म्हणतात.

त्याने शेताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, मला वाईट वाटू नये म्हणून.
"नाही," म्हणाला. "त्याला वास असतो.
आणि तो कुणाच्या नावावर नसतो."

माझ्या नावावर सहाशे चाळीस एकर आहे,
सातबाराशिवायही खरं असं समुद्राचं बूड.
मागच्या शरदात विहिरीचं भोक चाळीस फूट आणखी खोल नेलं.
यंत्रावरचा पोरगा टोपी काढून म्हणाला,
"बाई, खाली ओल आहे, पाणी नाही."
त्याने वर काढलेल्या गाळात माशाचा एक खवला होता,
नखाएवढा, अजून चकाकणारा.
बिलाबरोबर तो फाइलला लावून ठेवलाय.

एकेचाळिसाव्या जागी लोखंडी खांब ठोकला.
एका हाताने उचलता येतो, त्यामुळे विश्वास बसत नाही.
तार जुनीच गुंडाळली.
खांबाचा वरचा तुकडा एफ्राईनने मागितला नाही,
पण दोनदा उचलून पाहिला.
आईकडे पाठवायला टपालखर्च किती येईल,
हे आम्ही दोघांनी मनातल्या मनात मोजलं असावं.

शेवटी हौदाजवळ ठेवला.
संध्याकाळी बैल आला, तोच.
हुंगला, फुरफुरला,
मग खडबडीत, लांब जिभेने
शिंपला चाटत उभा राहिला, डोळे मिटून,
अंधार पडला तरी.